झुनी मंडळांची जुनी रंगीत चित्रं: रंगांवर किती भरवसा ठेवावा?

सातपुडा_नंदुरबार
नंदुरबारमधल्या काठी गावच्या होळीत व्रत धरून नाचणाऱ्या बावा-बुध्यांच्या फोटोंशेजारी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या झुनी या आदिवासी लोकांच्या विधी-मंडळांची चित्रं लावायची आहेत. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मटिल्डा कॉक्स स्टीव्हन्सन यांच्या १९०४ च्या अहवालातली निवडलीत. रंग खरे मानावेत का? आणि अहवालात या मंडळांना ‘फ्रॅटर्निटी’ म्हटलंय, त्याला मराठीत ‘बंधुमंडळ’ चालेल?

गिरणाकाठ
रंगांवर डोळे झाकून विसंबू नका, भाऊ. अमेरिकी सरकारच्या १८७९ च्या अभ्यास-मोहिमेत, जिच्यात स्टीव्हन्सनही होत्या, जॉन हिलर्स यांनी झुनी गावाचे फोटो काढले तो ओल्या काचेच्या निगेटिव्हचा जमाना. ती काच निळा प्रकाश चटकन टिपते, तांबडा-पिवळा जवळजवळ टिपतच नाही. म्हणून फिरोजा खडा पांढरट दिसतो आणि गेरू काळाकुट्ट. असा फोटो समोर ठेवून रंग भरायचे, तर टिपण नाहीतर प्रत्यक्ष वस्तू हाताशी हवीच. ती नसेल तर अंदाजच.

पुढे छपाईत, म्हणजे दगडावरून छापायच्या शिळाछापात, दर रंगाला वेगळा दगड. कागद केसभर सरकला तरी रंग रेघेबाहेर जातो. दहापट भिंगाखाली शिळाछापाचे दाणे विस्कळीत दिसतात. ठिपके ओळीत दिसले तर तो हाफटोन (फोटोवरून जाळीच्या ठिपक्यांनी केलेली छपाई), किंवा नंतरची नक्कल.

पडताळणीला झुनींचेच दिशारंग घ्या: उत्तर पिवळी, पश्चिम निळी, दक्षिण तांबडी, पूर्व पांढरी, ऊर्ध्व बहुरंगी, अधर काळी. मक्याची कणसंही याच सहा रंगांची. वेदीच्या चित्रात रंग या क्रमाशी जुळत नसेल, तर आधी मजकुरातलं वर्णन वाचा, मगच खाली ओळ लिहा.

पांझरा_वाचक
‘बंधुमंडळ’ नको. उपचार करणाऱ्या मंडळांत बायकाही असतात. एखाद्या मंडळाने दुखण्यातून बरं केलं की तो माणूस त्याच मंडळात दाखल होतो. व्रत धरून बुध्या होण्यापेक्षा ही वाट वेगळी, तेव्हा दोन्हींना एकच शीर्षक देऊ नका. मुखवटे घालून काचिना देवतांचं रूप घेणारं काचिना मंडळ आणखी निराळं: दीक्षा घेतलेले पुरुष, सहा किव्हांत (विधीच्या खोल्यांत) विभागलेले.

नावांची गल्लत फार होते. कोयेमशी दहा, मातीच्या रंगाचे गाठीगाठींचे मुखवटे घालणारे. न्यूवेक्वे हे विदूषकी करणारं उपचार-मंडळ, ते मुखवट्याऐवजी अंग रंगवतात. दोघांनाही नुसतं ‘विदूषक’ लिहिलंत तर चित्राचा अर्थच गेला.

तापीतीर
छापताना: ए-३ ला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरला तर ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. स्कॅन त्याहून लहान असेल तर ए-४ वरच थांबा. पिवळा पडलेला कागद ‘ऑटो’ने पांढरा करू नका, चित्रातला पिवळाही फिका पडतो आणि मग वरचे दिशारंग ताडता येत नाहीत.

याहून महत्त्वाचं म्हणजे काय लावायचं नाही. १९०४ चं सरकारी प्रकाशन, म्हणून कॉपीराइटची अडचण नाही, पण झुनींकडे ज्ञान ज्याच्या त्याच्या दीक्षेप्रमाणे मिळतं. मंडळाची वेदी मंडळाबाहेरच्या झुनी माणसानेही पाहायची नसते. लाकडी युद्धदेव, आहायुदा, डोंगरातल्या देवस्थानी उन्हापावसात झिजून मातीला मिळायचे असतात. १९७८ पासून झुनींनी ते संग्रहालयांकडून परत मागितले, स्मिथसोनियननेही १९८७ मध्ये दिले. ते भिंतीवर टांगू नयेत, चित्रातलेसुद्धा. १९९० मध्ये शालाको हा झुनींचा हिवाळ्यातला मुखवट्यांचा सोहळाही बाहेरच्यांसाठी बंद झाला.

सातपुडा_नंदुरबार
वेद्या, मुखवटे आणि आहायुदा काढतो. घरं, मातीची भांडी, विणकाम ठेवतो. बुध्यांचे फोटोही काठीला दाखवूनच लावतो.

गिरणाकाठ
विणकामाच्या चित्रालाही भिंग लावा. तिथेही तांबडा धागा फोटोत काळा दिसलेला असू शकतो.