माळवदाच्या जुन्या सागवानाचं वर्कबेंच करायचंय, खिळे-स्क्रू न लावता. जोड कसे घेऊ?

औसा_तालुका:
नमस्कार मंडळी. आमचं गावाकडचं जुनं माळवद उतरवलं, त्यातल्या सागवानाच्या तुळया अन् दोन खांब पत्र्याच्या शेडात पडून हायत. भावकी म्हणायली वखारीत देऊन टाक, पण माझं मन होईना. मला त्यातून वर्कबेंच करायचंय, उभं राहून रंधा मारता येईल असं. सगळे सांगायलेत की वेल्डिंगवाल्याकडून अँगलचं स्टँड करून घे अन् वर प्लाय टाक, पण ते मला नको, कुसू-भोकाचे जोड (एका लाकडाचं तासून बारीक केलेलं टोक म्हणजे कुसू, ते दुसऱ्याच्या भोकात) घेऊनच करायचंय. पहिलंच काम हाय. करवत, रंधा, अर्धा अन् पाऊण इंची पटाशी, गुण्या, मोगरी, ड्रिल एवढं जवळ हाय. पाय किती जाड ठेवू, भोक किती रुंद घेऊ, फेविकॉल लावू का नको, उंची किती धरू? अन् बांधावरची बाभूळ आत्ताच तोडलीय, ती वरच्या फळीला चालंल का?

तुंबा_आरे_धाव:
भाऊ, वखारीत अजिबात देऊ नका. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आपल्या लातूर-उस्मानाबादकडं लोकांना जड माळवदाची धास्तीच बसली, किती घरं उतरवली अन् किती चांगलं सागवान कवडीमोलानं गेलं. इतकी वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड आता पैसे देऊनही मिळत नाही, त्याला जे वाकायचं होतं ते कवाच वाकून झालंय.

ओल्या बाभळीचं टॉप करू नका. लाकूड सावलीत वाळायला इंच जाडीला साधारण वर्ष लागतं, म्हणजे तीन इंची फळीला तीन वर्षं. आत्ता चिरून बसवली तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात फाटंल अन् पीळ भरंल. तिची दोन्ही टोकं ऑइलपेंटनं बंद करा म्हणजे टोकाकडून तडकणार नाही, अन् सावलीत थर लावून ठेवा, मधी पट्ट्या घालून. बाहेरचं पांढरं लाकूड भुंगा खातो म्हणून जुने लोक बाभळीचे ओंडके पाण्यात बुडवून ठेवायचे, जमलं तर तेही करा. पुढं मोगरीला, रंध्याच्या ठोकळ्याला बाभळीसारखं लाकूड नाही.

आता जोड. बैलगाडीचं चाक जवळून बघा कधी, आऱ्याचं कुसू तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल ठोकळ्यात, गच्च बसलेलं असतं, वरून तापवलेली धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवली की ती गार होताना सगळं आवळून घेते, गोंदाचा थेंब नसतो. तुमच्याकडं धाव नाही, म्हणून आवळायचं काम खुंटीनं करायचं. पाय चार बाय चार इंच, पायांना जोडणारी आडवी पट्टी दोन इंच जाड, भोक पाऊण इंच, म्हणजे तुमच्या पटाशीएवढंच. आधी भोक पाडायचं अन् मग त्याला बघून कुसू कापायचं, कारण कुसू रंध्यानं केसभर कमी करता येतं, भोक मात्र एकदा मोठं झालं की झालं. आरपार भोक असंल तर दोन्ही बाजूनं खुणा करून निम्मं निम्मं खोदा, एकाच बाजूनं गेलात तर मागून ढलपा उडतोय. हे नीट वाचा: पायात खुंटीचं छिद्र पाडा, कुसू आत घाला, ड्रिलच्या टोकानं कुसूवर खूण करा, बाहेर काढा अन् कुसूचं छिद्र त्या खुणेपासून खांद्याकडं (कुसू जिथून सुरू होतं त्या पायरीकडं) दीड मिलिमीटर सरकवून पाडा. मग टोक निमुळतं केलेली खुंटी ठोकली की ती कुसूला आत ओढून धरते, शिकंजा लावायची गरज नाही. खुंटी करवतीनं कापलेली नको, फोडून काढलेली पाहिजे म्हणजे रेषा सरळ राहते, भरीव वेळूची पण झकास होते.

परभणी_कट्टा:
दादा वरचं सगळं पटलं पण पहिलंच काम हाय तर कुसूला फेविकॉल लावायला काय हरकत, जोड थोडा सैल आला तर तेवढाच आधार.

तुंबा_आरे_धाव:
लावा, वाईट नाही. पण घर बदललं, शेड बदललं तर खुंटी मागून ठोकून बेंच उकलता येतं, गोंद लावला की ते गेलं. अन् सैल जोड गोंदानं भरून निघत नाही, कुसूच्या गालावर, म्हणजे सपाट बाजूवर, लाकडाची पातळ पट्टी चिकटवून परत तासलेलं बरं.

किनवट_सागवान:
उंचीचं सांगतो. चप्पल घालून सरळ उभे रहा, हात खाली सोडा, तळहात जमिनीला समांतर करा, तो जिथं येईल ती उंची. रंधा मारायचा असंल तर याच्या वर जाऊ नका, नाहीतर अंगाचा जोर रंध्यावर येत नाही, नुसते खांदे भरून येतात. आपल्याकडचे जुने सुतार खाली बसून, पायानं लाकूड दाबून काम करतात, त्यामुळं आपल्या गावात उभ्या बेंचचं माप सांगणारा माणूस सहसा सापडत नाही.

वरती अखंड फळी कशाला शोधता, तुळईच्याच दोन लांब फळ्या काढा, तीन इंच जाडीच्या, अन् मधी बोटभर फट ठेवा. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाही. मे महिन्यात आकसलेली फळी ऑगस्टात फुगते, तिला जागा पाहिजे. 18व्या शतकातल्या पॅरिसच्या रूबो नावाच्या सुतारानं दाखवलेल्या बेंचमधे पायाचं कुसू थेट वरच्या जाड फळीत घुसतं, तुमच्या तुळयांना ते लई शोभंल.

अन् फळीला पाऊण इंची आरपार भोकं पाडून ठेवा, लोहाराकडून छत्रीच्या मुठीसारखा वाकवलेला दांडा करून घ्या, भोकापेक्षा जरासा बारीक. वरून मोगरीनं एक ठोका दिला की तो तिरका होऊन लाकूड दाबून धरतो, मागून ठोका दिला की सुटतो. व्हाइसचा खर्च तूर्तास वाचंल.

औसा_तालुका:
लई उपकार झाले सगळ्यांचे. बाभूळ बाजूला ठेवतो. एक अडचण राहिली, तुळयांना आधीच जुन्या खाचा अन् खांबाची भोकं हायत, काही ठिकाणी चुना-माती चिकटलीय. तशाच वापरू का?

तुंबा_आरे_धाव:
जुनी भोकं टाळून पाय आखा, जोडाची जागा अखंड लाकडात आली पाहिजे, टोकापासून निदान तीन-चार इंच आत. राहिलेल्या भोकात सागवानाचा ठोकळा घट्ट बसवा, रेषा फळीच्या रेषेतच ठेवून. रंधा लावायच्या आधी तारेच्या ब्रशनं माती-चुना पूर्ण काढा, नाहीतर दोन हातात धार जाईल. अन् जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन सगळ्या तुळईवरून फिरवा, मोडलेले खिळे आत असतात, वरून दिसत नाहीत. आरा मशीनवर चिरायला नेणार असाल तर हे घरीच करून जा, खिळा निघाला की मशीनवाला पुढचं लाकूड घेतच नाही.