डेक स्लॅबची स्टेजिंग (काँक्रीट घट्ट होईपर्यंतचे टेकू) भिजलेल्या काळ्या मातीवर, पोअर कार्डवर (काँक्रीट टाकायच्या परवानगीवर) सही करू का?

साइट इंजिनिअर, जालना जिल्हा
मंठ्याकडं एका ईपीसी रस्त्याच्या कामावर आहे. ओढ्यावरच्या लहान पुलाचा स्लॅब परवा टाकायचाय. कपलॉक, म्हणजे टेकूच्या पाइपांचा सांगाडा, उभं राहिलं, सळई बांधून झाली. पुण्याच्या डिझाइनवाल्यांचं ड्रॉइंग आहे, पण ते पुलाचं. स्टेजिंगचा कागद कुठंच नाही, सेंटरिंगच्या मुकादमानं अंदाजानं लावलीय. शनिवारी रात्री पाऊस झाला. सकाळी बघतो तर ओढ्याकडच्या पाइपांखालच्या फळ्या चिखलात रुतलेल्या. एक बेस जॅक (पाइपाखालचा उंची जुळवायचा स्क्रू) तर नुसत्या हातानं फिरला, म्हणजे त्याच्यावर वजनच नाही. पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) म्हणायलेत, "ड्रॉइंग अथॉरिटी इंजिनिअरनं (सरकारतर्फे तपासणाऱ्यानं) बघितलंय, तू कशाला घाबरतो?" काही झालं तर जबाबदार कोण?

निवृत्त, बांधकाम खातं, लातूर
बघितलंय ते पुलाचं ड्रॉइंग, टेकूंचं नव्हे. आणि ईपीसीत डिझाइनही ठेकेदाराचं, बांधणीही त्याचीच. अथॉरिटी इंजिनिअरनं तपासलं म्हणून ठेकेदार सुटत नाही, असं करारातच असतं. ते कलम काढून पीएमसाहेबांपुढं ठेवा. तात्पुरत्या कामांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ८७ ही मार्गदर्शिका आहे, तेही सोबत न्या.
आता हिशेब. काँक्रीट घनमीटरला अडीच टन. स्लॅब ६०० मिलिमीटरचा धरला तर चौरस मीटरला दीड टन. माणसं, व्हायब्रेटर, शटरिंग वेगळंच. कोरडी काळी माती कदाचित पेलेलही, भिजलेली नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये समृद्धीवर शहापूरजवळ २० माणसं गेली, तीही गर्डर बसवायचं लाँचर गर्डरसकट खाली आल्यानं. काम संपलं की काढून न्यायच्या वस्तूकडं आपल्याकडं कुणी डिझाइन म्हणून बघतच नाही.

सेंटरिंगवाला, परभणी
मुकादमावर ढकलू नका राव. आम्हाला रेट चौरस मीटरवर, ड्रॉइंग मागितलं की "एवढी वर्षं काय केलं मग?" ऐकायचं.
तो जॅक ताणून भागवू नका. ताणला की शेजारच्याचं वजन याच्यावर येतं अन् हाच खाली बसतो. शेजारी जादा टेकू देऊन ती ओळ सोडवा, चिखल पार काढा, मुरूम दाबून भरा, वर पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट. अन् आधी पाणी वळवा, नाहीतर पुढच्या पावसात परत तेच.

साइट इंजिनिअर, जालना जिल्हा
कार्डावर "होल्ड" लिहून फोटोसकट मेल टाकला. पीएम दुपारपासून बोलेनात. पुण्याहून उत्तर आलं, स्टेजिंग आमच्या कामात नाही, हवी तर फी वेगळी. आता पीएमचा निरोप, मुकादमाकडून स्केच काढून घे अन् तू सही कर.

निवृत्त, बांधकाम खातं, लातूर
मुळीच करू नका. हिशेब ज्याचा, सही त्याची. फी ठेकेदारानं भरावी, पुण्याहून माणूस येऊन ती माती पायाखाली बघू दे. तोवर काँक्रीटचा ट्रान्झिट मिक्सर मागवू देऊ नका. गाडी दारात उभी राहिली की मग तुमचं कुणी ऐकत नाही.