मदत हवी आहे: १८४७ मध्ये कॅनडात आलेल्या आयरिश पणजीचे मूळ गाव कसे शोधावे?

नमस्कार. मी गेली एकोणीस वर्षे माँट्रियलला राहते. माझ्या सासूबाई आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत आणि आपल्या पणजीचे आयर्लंडमधील गाव कोणते, एवढे एकच त्यांना डोळे मिटण्यापूर्वी कळायला हवे आहे. या शोधात मी अडले आहे.

पणजी १८४७ च्या उन्हाळ्यात, साधारण सहा वर्षांची असताना, सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस ईल या क्वारंटाइन बेटावर उतरली. बटाट्यावरील करप्याने पिके गेल्यावर उपाशी निघालेली हजारो माणसे त्या वर्षी येथे आली आणि पाच हजारांहून अधिक जणांना त्या बेटावरच पुरावे लागले. तिचे आईवडील जहाजावर वारले की बेटावर, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. एका फ्रेंचभाषक शेतकरी कुटुंबाने तिला वाढवले आणि तिचे आडनाव मात्र तिच्याकडेच राहू दिले, याबद्दल सासूबाई आजही कृतज्ञतेने बोलतात.

तिच्या लग्नाच्या चर्चमधील नोंदीत आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, मिळाली. मूळ ठिकाण मात्र नुसते 'आयर्लंड' असे आहे. तिच्या प्रार्थनापुस्तकाच्या शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीने 'रॉसकॉमन' (आयर्लंडमधील एक परगणा) लिहिलेले आहे. त्यापुढचा शब्द बोटे फिरून फिरून इतका पुसला गेला आहे, की भिंगातून पाहिले तरी पहिले 'एस' एवढेच अक्षर लागते.

त्यावरून मला रॉसकॉमनमधील स्ट्रोक्सटाउन या गावाची शंका येते. तेथील जमीनदार डेनिस मॅहन याने १८४७ मध्ये आपली १,४९० कुळे-माणसे जमिनीवरून उठवून क्वेबेकला धाडली. ती डब्लिनपर्यंत पायी गेली आणि पुढे लिव्हरपूलहून जहाजात चढली. त्यांपैकी 'व्हर्जिनियस' या जहाजावरील ४७६ प्रवाशांपैकी १५८ जण वाटेतच दगावले. मात्र एका अक्षरावर एवढा मोठा निष्कर्ष बांधणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या माहेरची सात पिढ्यांची नावे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत एका दुपारी सापडली होती. आयर्लंडमध्ये मात्र तसे सोपे नाही: दुष्काळापूर्वीची जनगणना १९२२ च्या डब्लिनमधील आगीत जवळजवळ सगळी नष्ट झाली, आणि जन्ममृत्यूची सार्वत्रिक सरकारी नोंदणी १८६४ पासूनची आहे. ग्रिफिथच्या मूल्यांकनातील (जमीन-घरांच्या कर-आकारणीसाठी केलेल्या नोंदींतील) रॉसकॉमनची नोंद दुष्काळानंतरची असल्याने घर सोडून गेलेले कुटुंब तीत असणार नाही. म्हणून मला दोनच मार्ग दिसतात: आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेली कॅथलिक पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतील भागाची) नोंदवही, आणि १८२३ ते १८३७ मधील धर्मकराच्या (चर्चसाठी शेतजमिनीवर घेतल्या जाणाऱ्या कराच्या) याद्या, ज्यांत पणजीच्या आजोबांचे नाव असू शकेल.

पणजीचे आडनाव तिकडे आपल्याकडच्या पाटलांइतके सर्रास आढळते. अशा वेळी आईच्या माहेरच्या आडनावाला धरून, ही दोन आडनावे शेजारच्या टाउनलँडमध्ये (साधारण आपल्या वाडीएवढा भाग) कोठे एकत्र येतात ते पाहणे उपयोगी पडते का? नोंदवह्यांतील लॅटिन रूपे आणि पुसट हस्ताक्षर वाचण्याचा अनुभव कोणाला आहे का? तसेच स्ट्रोक्सटाउनच्या दुष्काळ संग्रहालयाशी कोणी पत्रव्यवहार केला असेल, तर धाडलेल्या कुळांच्या यादीत मुलांची नावे आणि वये स्वतंत्र दिलेली असतात का, हे कृपया सांगावे. पुसट शब्दाचे छायाचित्र मी व्यक्तिगत निरोपातून पाठवू शकेन.