‘इंग्रजी येतं ना? मग घरी बसून लाख कमवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर (मोठं झालंय, पण वाचा)

सातवी_गल्ली
काल आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर एका सरांनी टाकलंय की एमए इंग्लिश झालेल्या पोरापोरींनी सीएचबीच्या, म्हणजे कॉलेजात तासावर शिकवायच्या, मानधनावर रडत बसू नये, लॅपटॉप घ्यावा, हेडफोन घ्यावा, १२० तासांचं टेफल (परक्यांना इंग्रजी शिकवायचं) सर्टिफिकेट काढावं आणि परदेशातल्या लोकांना इंग्रजी शिकवून घरबसल्या महिना लाख कमवावेत. खाली सर्टिफिकेटच्या बॅचसाठी फोन नंबर. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, लॉकडाऊनपासून हेच काम करते, घर ह्याच्यावरच चालतं, म्हणून लिहितेय.

काम वाईट नाही. पण ते जसं विकलं जातंय ते वाईट आहे. कॅम्ब्ली म्हणून ऑनलाईन इंग्रजी शिकवायची कंपनी आहे, तिथे मिनिटाला ०.१७ डॉलर मिळतात, म्हणजे तासाला १०.२०, आजच्या भावाने नऊशेच्या आसपास. ऐकून कुणालाही वाटेल रोज आठ तास बसू. पण पैसे समोर विद्यार्थी असतो त्या मिनिटांचे, आणि नवीन माणसाला आठ तास विद्यार्थी देतंय कोण? प्रेप्ली ही तशीच दुसरी, तिथे दर आपला आपण ठरवतो, पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या पहिल्या ट्रायल तासाचे सगळेच्या सगळे पैसे कंपनीचे, त्यानंतर ३३ टक्के कमिशन, ते उतरत उतरत १८ वर यायला ४०० तास शिकवावं लागतं. आणि पूर्वेकडच्या कित्येक कंपन्यांच्या जाहिरातीत पासपोर्टची यादीच असते, अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कसंय हे विचारायच्या आधीच तुम्ही बाद. जिथे आपण चालतो तिथे फिलिपिन्सच्या मुली कितीतरी वर्षं आधीपासून बसल्यात, इंग्रजी चांगलं आणि दर आपल्याहून कमी.

वेळेचं पण ऐका. ब्राझीलचा माणूस ऑफिस सुटून संध्याकाळी सातला बसतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. जपान त्यातल्या त्यात बरा, त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेचार, पण त्याच वेळी पोरं शाळेतून येतात. आमचे वडील इचलकरंजीत मागावर होते, कापड जेवढं विणलं तेवढ्या मीटरची मजुरी, माग बंद तर मजुरी बंद. माझंही तसंच आहे, फक्त मीटरच्या जागी मिनिटं. हे सांगून मग पोरींना या म्हणा की.

यशस्वी_ट्रेनर
ती पोस्ट माझीच आहे, लपवायचं काही कारण नाही. मॅडम तुम्ही सगळी निगेटिव्ह बाजू सांगितलीत पण तुम्ही स्वतः ह्यावरच घर चालवता हे पण तुम्हीच लिहिलंय. मग दुसऱ्याने का नाही चालवायचं? माझ्या बॅचमधल्या दोन मुली आज चांगलं कमवतायत, एक तर गडहिंग्लजजवळच्या खेड्यातली आहे, तिला कोल्हापूरला येऊन नोकरी करणं घरातनं शक्यच नव्हतं. कोर्सची फी घेतो कारण मी पण वेळ देतो, फुकट कोण शिकवतं सांगा. आपल्या लोकांचा प्रॉब्लेम हा आहे की कुणी पुढं जायला लागला की पाय ओढायचे.

गंगावेस_तालीम
ताई एक नंबर लिहिलंय. आमच्या मावसभावानं असाच कोर्स केला, पैसं भरलं, सर्टिफिकेट आलं, फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. विद्यार्थी एक बी नाय. वर्ष झालं आता. सर, दोन पोरी कमवत्यात म्हणताय, बॅचमधल्या बाकीच्यांचं काय झालं ते बी सांगा की.

बावडेकर
लाखाची गोष्ट करणाऱ्यांनी २०२१ आठवावं. मी तेव्हा एका छोट्या कंपनीकडनं चिनी मुलांना शिकवत होतो, बरे पैसे होते, बायको म्हणाली आता गाडी घेऊ. जुलैत पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीला हायवे बंद, आमच्याकडे लाईट नाही, मी मोबाईल घेऊन शेजारच्याच्या गच्चीवर रेंज शोधतोय की तास चुकायला नको. आणि त्याच आठवड्यात, २४ जुलैला, तिकडे चीन सरकारचा आदेश आला की परदेशात बसलेल्या शिक्षकांकडनं मुलांची शिकवणी घ्यायची नाही. व्हीआयपीकिडसारखी कंपनी, जिच्याकडे अमेरिका-कॅनडातले हजारोंनी शिक्षक होते, तिनेसुद्धा त्याच वर्षी चीनमधल्या मुलांचे ते वर्ग बंद केले. आमच्या कंपनीने तर साधा मेल पण केला नाही, एक दिवस लॉगिनच होईना, शेवटच्या महिन्याचे पैसे आजपर्यंत नाहीत. पूर ओसरतो, पंचनामा होतो, काहीतरी मिळतं. ह्याचा पंचनामा कुठल्या तलाठ्याकडे करायचा?

सेटवाला
सगळे ऑनलाईनवर बोलताय पण मूळ वाक्य कुणी पकडलंच नाही, ‘सीएचबीच्या मानधनावर रडत बसू नये’. रडतो म्हणे. मी सेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) पास, पीएचडी, आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतकी वर्षं काढली की माझे विद्यार्थी आता माझ्याबरोबर मुलाखतीच्या रांगेत उभे असतात. दरवर्षी आपल्याच खुर्चीसाठी नव्याने मुलाखत द्यायची, कॉलेज सुरू होऊन महिना-दोन महिने गेले की ऑर्डर, परीक्षा झाल्या की संपलं, उन्हाळ्यात शून्य, आणि जे मिळतं ते पण तीन-चार महिन्यांनी एकदम. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जा तपासणीच्या, फायली कोण करतं, युवा महोत्सवाला पोरं कोण घेऊन जातं, सुपरव्हिजन कोण करतं? आम्हीच. आणि पर्मनंट जागा निघाली की ‘किती ठेवणार’ हा प्रश्न, तो आकडा इथे लिहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. शाहू महाराजांनी १९१७ ला ह्याच गावातनं संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत नाही पाठवलं तर बापाला महिना एक रुपया दंड. त्या गावात आज प्राध्यापक तासावर मोजला जातो आणि वर सल्ला मिळतो की ब्राझीलच्या माणसाला पहाटे साडेतीनला शिकव.

निवृत्त_विभागप्रमुख
विषय ऑनलाईन अध्यापनाचा होता, तो संस्थांवर घसरला म्हणून लिहितो. या जिल्ह्यातल्या संस्थांनी भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीसारख्या भागात महाविद्यालयं काढली नसती तर इथे लिहिणारे निम्मे लोक पदवीधर झाले नसते. पदं मंजूर करणं, वेतन देणं हे शासनाचं काम, संस्था काय करणार? आणि स्पष्ट बोलतो, सेट झाला म्हणजे शिकवता येतं असं नाही. मी निवड समित्यांवर बसलोय, चार वाक्यं सलग इंग्रजीत न बोलता येणारे उमेदवार पाहिलेत.

सेटवाला
सर आपण ज्या समित्यांवर बसलात त्या समित्यांत निवडायची नावं आधीच ठरलेली असतात हे आपल्याला माहीत नव्हतं का? की माहीत असून सह्या केल्यात? आपल्याला सातवा वेतन आयोग, पेन्शन, आणि आमचं इंग्रजी काढताय?

निवृत्त_विभागप्रमुख
मी आयुष्यात कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. शब्द जपून वापरा.

सेटवाला
तुम्ही घेतला नाही हे मान्य करतो सर. पण घेणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होतात, आणि उठून गेला नाहीत.

गंगावेस_तालीम
सर तुमी वयानं मोठं हाय म्हणून गप बसतोय. पण माझ्या बहिणीचं लग्न ठरताना पोरगा सीएचबी हाय म्हटल्यावर आमच्या आईनं फोटो परत दिला. पोरगा सोनं होता. आता कुठंतरी पुण्याला कॉल सेंटरला हाय म्हणं.

यशस्वी_ट्रेनर
बघा, हेच तर मी म्हणत होतो. सिस्टीम सुधारायची वाट बघत म्हातारे व्हाल.

सातवी_गल्ली
नाही हो, हे तुम्ही म्हणत नव्हता. तुम्ही म्हणत होता की जागा मागू नका, माझा कोर्स घ्या. सेटवाला, तुमचं सगळं पटतं आणि निवृत्त सर, ‘संस्था काय करणार’ हे मला अजिबात पटत नाही. पर्मनंट जागा भरल्या गेल्या असत्या तर मी आज कुणाच्या तरी वर्गात उभी असते. मी पण मुलाखती दिल्यात. मला जो प्रश्न विचारला गेला तो शेक्सपिअरवरचा नव्हता.

आणि ऑनलाईनवाल्याची पत काय असते तेही सांगते. फ्लॅटसाठी एका बँकेत गेले, तीन वर्षांची रिटर्न्स भरलेली, पेओनिअर ह्या परदेशी पैसे पाठवणाऱ्या कंपनीमधनं खात्यात येणाऱ्या पैशाची स्टेटमेंट, सगळं नीट फाईल करून. साहेब म्हणाले फॉर्म सोळा आणा, म्हणजे मालकाने द्यायचा पगाराचा कागद. कंपनी परदेशी, मी कंत्राटी पण नाही, नुसती खाते उघडलेली एक बाई. पीएफ नाही, बाळंतपणाची रजा नाही. धाकटीच्या वेळी सुट्टी घेतली तर रेटिंग खाली, परत आल्यावर जुने विद्यार्थी दुसऱ्याकडे गेलेले, दर उतरवून पुन्हा खालपासून सुरुवात.

शिरोलीकर
मी ह्या लाइनला जरा वेगळ्या बाजूनं आहे. परदेशी विद्यार्थी मिळवायच्या नादाला लागलोच नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीतली (धातू ओतायच्या कारखान्यातली) पोरं शिकवतो, ऑनलाईन, शिफ्ट सुटल्यावर. कास्टिंग (ओतलेला भाग) परदेशात जातं, जर्मन कस्टमरचा ऑडिट असतो, क्वालिटीवाल्याला ब्लोहोल (ओतकामातलं हवेचं भोक) का आला, काय अ‍ॅक्शन घेतली हे इंग्रजीत सांगायचं असतं आणि मेलपण लिहायचा असतो. त्याला शेक्सपिअर नको, त्याला त्याचा रिजेक्शन रिपोर्ट बोलता यायला पाहिजे. कंपनी फी भरते, मधे कुणी दलाल नाही, कमिशन नाही, पहाट नाही. पण हे मिळायला मी आधी स्वतः शॉप फ्लोअरवर उभा राहून धूळ खाल्ली, त्यांचे शब्द शिकलो.

मिरजेची_सिस्टर
शिरोलीकरांशी सहमत. मी नर्सेसना शिकवते, यूकेला जाणाऱ्या. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस ह्या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला ६.५ आणि बाकी तिन्हीत ७ लागतात, नाहीतर ओईटी, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, द्यायची. आमच्या मुली पेशंटशी छान बोलतात पण ओईटीत डिस्चार्जचं किंवा रेफरलचं पत्र लिहायचं असतं, केस नोट्समधलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, तिथे अडतात. नाईट करून आलेली मुलगी सकाळी साडेआठला झोपायच्या आधी तास घेते. ह्यात पैसे आहेत, खोटं बोलणार नाही. पण मी आधी नर्स होते म्हणून त्या माझ्याकडे येतात. नुसतं सर्टिफिकेट बघून कुणी येत नाही.

सेटवाला
चांगलंय, तुमचं चाललंय. पण आता प्रत्येक एमए इंग्लिशवाल्यानं आधी फाउंड्रीत किंवा हॉस्पिटलात काम करायचं का? मी कादंबरी शिकवायला शिकलो. कादंबरी शिकवायला जागा नको?

शिरोलीकर
पाहिजे. मी कुठं नको म्हटलं. जागेसाठी मोर्चा काढा, मी पुढं येतो, बिंदू चौकात या. पण मोर्चा दुपारी संपतो आणि संध्याकाळी दूधवाल्याला पैसे द्यायचे असतात.

सेटवाला
दूधवाल्याचं मला सांगू नका. माझे वडील गोकुळला दूध घालतात, त्यावर मी शिकलो.

निवृत्त_विभागप्रमुख
शांतपणे वाचलं सगळं. निवड प्रक्रियेबद्दल जे लिहिलं गेलं ते संपूर्ण खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. एवढंच.

यशस्वी_ट्रेनर
ठीक आहे, लाख हा आकडा सगळ्यांना लागू होत नाही हे पोस्टमध्ये टाकतो. पण कोर्स बंद करणार नाही. गडहिंग्लजच्या त्या मुलीसाठी तरी हा रस्ता पाहिजे.

सातवी_गल्ली
रस्ता पाहिजेच, तिच्यासाठी मला खरंच आनंद आहे. आकड्याबरोबर कमिशन टाका, पासपोर्टची यादी टाका, तुमच्या सगळ्या बॅचमधल्या किती जणांना आज एकही विद्यार्थी नाही तेही टाका. मग फी घ्या. आणि सीएचबीवाले रडतात हे वाक्य आजच काढा.

यशस्वी_ट्रेनर
वाक्य काढलं. बाकीचं बघतो.

गंगावेस_तालीम
बघतो म्हंजे? मावसभावाचं पैसं कधी देताय ते बी बघा, कोर्स तुमचाच हुता, आत्ता विचारलं त्याला फोन करून.

यशस्वी_ट्रेनर
नाव आणि बॅच मला पर्सनलवर पाठवा.

गंगावेस_तालीम
पर्सनलवर नाय. हितंच बोला, समद्यांच्या समोर.