नवीन बॅटरी टाकली तरी तिसऱ्या दिवशी गाडी बंद

घाटावरचा: मंडळी, डोकं फिरलंय. २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, घरून काम असल्यामुळे आठवड्यात एकदोनदाच निघते. दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ मारला तर नुसतं टकटकटक. दोन महिन्यांपूर्वी ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारा चार्ज) नवीन बॅटरी टाकली तरी तेच. दुकानवाला म्हणतो बॅटरी ओके, गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) बदला. शेजारचे काका जंपर लावून देतात पण आता मला बघितलं की तेच जिन्यात थबकतात. काय करू?

चारचाकी_वेडा: अल्टरनेटर बदलू नकोस उगाच! बॅटरीला मल्टीमीटर लाव आधी. रात्रभर उभ्या गाडीत फुल बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ मिळायला हवेत

घाटावरचा: चालू असताना १४.१. सकाळी ११.८ 😭

वायरमन_दादा: मग चार्जिंग ठीक आहे, गाडी बंद असताना कोणीतरी करंट पितंय. निगेटिव्ह केबल काढ आणि केबल नि टर्मिनलच्या मधे मीटर लाव, १० अँपिअरच्या सॉकेटवर. मीटर असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. दरवाजाचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद कर नाहीतर आतला दिवा जळत राहतो, आणि अर्धा तास थांब कारण गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स लगेच झोपत नाहीत. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर चालतं. जास्त असेल तर एकेक फ्यूज उपटत जा, ज्याला आकडा धाडकन पडेल तो चोर. बाहेरून काही बसवलंयस का, डॅशकॅम, ट्रॅकर वगैरे?

घाटावरचा: अँड्रॉइड स्टीरिओ आहे दिवाळीपासून, पण तो मी बटणाने बंद करतो

चारचाकी_वेडा: हा हा स्क्रीन बंद म्हणजे स्टीरिओ बंद नव्हे

घाटावरचा: सापडलं!! ०.४२ अँपिअर येत होता, रूम लॅम्पचा फ्यूज काढला तर ०.०३. आधी वाटलं डिकीचा दिवा, पण स्टीरिओ पण त्याच फ्यूजवर निघाला. बसवणाऱ्याने लाल आणि पिवळी दोन्ही वायरी एकत्र पिळून कायमच्या सप्लायला जोडलेल्या.

वायरमन_दादा: तेच. पिवळी कायमची राहू दे, सेटिंग लक्षात राहायला लागते, लाल मात्र चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाईनवर घे. हिशेब कर, ०.४ ने दिवसाला दहा एएच जातात, तिसऱ्या दिवशी ३५ मधले उरतात किती. आणि बॅटरी एकदा बाहेर चार्जरवर फुल करून घे, सारखी खाली उतरली की तिचं आयुष्य जातं.

घाटावरचा: लाल वायर बदलली दादा. आज चौथा दिवस, एका सेल्फमधे चालू. काकांना पेढे देऊन आलो