तबल्याचे गुरुजी वर्गात डुलक्या घेतात, पोरीला तिथं घालावं का?

चुलबंदकाठ:
पोरगी तिसरीत आहे, आवाज गोड आहे. गावाजवळच्या संगीत वर्गात नाव घालायचं म्हणून परवा बघून आलो. मॅडम पेटीवर चाल वाजवूनच दाखवत नाहीत. तबल्याचे गुरुजी आधी कितीतरी वेळ हातोडी ठोकत होते, मग भिंतीला टेकून डुलक्या. कुणाला अनुभव असेल तर सांगा जी. गांधर्व मंडळाची प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा, एप्रिलला द्यावी की पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरला, तेही सांगा.

सूरपेटी:
घाला जी, बिनधास्त घाला! माझी भाची तिथंच शिकली. तिला सोडायला जायची आणि मागं बसून ऐकायची मी.

गुरुजी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत वाजवतात. दिवाळीपासून होळीपर्यंत रातभर नाटक, पहाटे मिळेल त्या गाडीनं परत आणि सकाळी वर्ग. डोळा लागणारच माणसाचा. पण त्रितालात नवव्या मात्रेची खाली (टाळी न देता हात बाजूला करायची जागा) कुणी चुकवली, की मिटल्या डोळ्यांनीच त्यांचं बोट वर येतं. मागच्या रांगेतली पोट्टी मुद्दाम चुकवून बघायची. बोट वर!

हातोडीचं म्हणाल, तर आपल्याकडं या दिवसांत पहाटे धुकं, दुपारी ऊन. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, कधी ढिली, कधी ताठ. मुलींच्या ‘काळी चार’ पट्टीला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) तबला लावायचा तर गट्ठे, म्हणजे चामडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे, ठोकावेच लागतात, आणि ते ऐकत बसल्यानंच पोरांचा कान तयार होतो.

मॅडम पेटीवर फक्त सा आणि प धरतात, बाकीचे स्वर पोरांनी गळ्यातून शोधायचे. मला तर त्यांची हीच गोष्ट सगळ्यात आवडते. पेटीच्या मागं मागं गाणारं लेकरू पेटी थांबली की अडखळतं. भाचीनं भूप रागाचा आरोह (चढते स्वर) पहिल्यांदा एकटीनं नीट म्हटला, तेव्हा मॅडम ऐकतच राहिल्या आणि तिकडं चहा उतू गेला.

वडसेकर:
एप्रिल-मेचं सत्र धरा. होळीनंतर गुरुजी मोकळे असतात. डिसेंबरात नाटकं जोरात, त्यात धानाची मळणी. साथीला कोण सापडणार?

चुलबंदकाठ:
मग एप्रिलच. घरी तबला घ्यावा लागेल का?

सूरपेटी:
आत्ताच नको, आधी हातावर टाळी-खाली पक्की होऊ द्या. पुढं घ्याल तेव्हा पारखायला गुरुजींना न्या आणि भाव करायला वर्गातल्या शिपाईकाकांना. गुरुजींना भाव करायची लाज वाटते.