नंदनवनातून कुणी हाकललं गेलंय का? आपल्याकडे 'हरवलेली बाग' कुठे आहे?

पोफळीची_विरी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते विचारते.

आमचं आजोळ गुहागरकडचं. घरामागे वाडी, नारळ-पोफळी, मधेमधे जायफळ, चारी बाजूंनी दगडमातीचा गडगा आणि आत शिरायला बेडं. दुपार कलली की पंप सुरू व्हायचा आणि पाटाचं पाणी एकेका आळ्यात सोडायचं काम, म्हणजे शिपणं, आम्हा पोरांचं, पायाने माती सारून पाट फोडायचा, आळं भरलं की परत बांधायचा, आणि पोफळीची विरी, म्हणजे झावळीचं रुंद देठ, गळून पडली की तिच्यावर धाकट्याला बसवून सगळ्या वाडीभर ओढत न्यायचं. गेल्या वर्षी वाडी विकली. वाटण्या झाल्या होत्या, तिथे राहणारं कुणी उरलं नव्हतं, कुणालाच दोष देता येत नाही. आजी आता आमच्याकडे पुण्यात असते. रोज चारच्या सुमारास विचारते, शिपणं झालं का गो?

तर प्रश्न असा. आमच्या वाचनगटात सध्या मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट', आदाम आणि ईव्ह एदेन बागेतून हाकलले गेल्याचं इंग्रजी महाकाव्य, चालू आहे. एदेन बाग तर सगळ्यांना माहितीच आहे, सुमेरी लोकांचं दिलमुन होतं, ग्रीकांच्याकडे सुवर्णयुग होतं. आपल्याकडे नंदनवन आहे, पण ते इंद्राचं, तिथून माणूस बाहेर पडला अशी गोष्ट मला तरी आठवत नाही. आपल्या परंपरेत हरवलेली बाग आहे का? आणि सगळीकडे हरवते ती बागच का? डोंगर का नाही, नदी का नाही?

---

धातुपाठ:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तुम्ही स्वतःच उत्तर लिहून ठेवलंय, गडगा!

पॅरडाइज हा शब्द मुळात इराणी आहे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'पइरिदएझ' असा येतो, पइरि म्हणजे आपलं 'परि', सभोवार, आणि दएझ म्हणजे थापून रचलेली भिंत. संस्कृतात दिह् म्हणजे लिंपणं, थापणं, आपला 'देह' शब्द त्याच धातूतला. म्हणजे शब्दशः अर्थ काय तर सभोवार गडगा घातलेली जागा, बस्स. त्यात देव नाही की पाप नाही. पुढे इराणी राजांच्या बागांना ग्रीक लोक 'पॅरादेइसॉस' म्हणायला लागले, ग्रीक लेखक झेनोफनने तर लिहून ठेवलंय की इराणी राजपुत्र धाकट्या सायरसने सार्डिसची आपली बाग स्पार्टाचा सेनापती लायसँडर याला हिंडून दाखवली आणि यातली काही झाडं मी स्वतःच्या हाताने लावलीत असं सांगितलं, तेव्हा लायसँडर त्याच्या अंगावरचे दागिने आणि भारी कपडे बघत राहिला. हिब्रू बायबलचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी एदेनच्या बागेला हाच शब्द वापरला आणि तिथून तो स्वर्गाला जाऊन चिकटला. अरबीतलं फिरदौस पण तेच.

डोंगर हरवत नाही कारण त्याला आत-बाहेर नसतं. गडगा घातला की आत कोण आणि बाहेर कोण हे ठरतं, आणि ज्याला आत आहे त्यातूनच माणूस बाहेर जाऊ शकतो.

दिलमुनबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथे सिंह मारत नाही, लांडगा कोकरू नेत नाही, म्हातारपण नाही असं सगळं वर्णन आहे, पण आधी गोडं पाणीच नसतं! एन्की देव ते आणवतो तेव्हा कुठे जमीन पिकते. पाणी आल्याशिवाय बाग नाही हे चार हजार वर्षांपूर्वी मातीच्या विटांवर लिहिणाऱ्यालाही पक्कं माहीत होतं.

---

जुनी_पोथी:

नंदनवनातून हाकललं गेलेला माणूस आहे ना, ययाती!

ययाती म्हटलं की आपल्याला खांडेकरांची कादंबरी, मुलाचं तारुण्य मागून घेणारा राजा एवढंच आठवतं. पण महाभारतात आदिपर्वात पुढची गोष्ट आहे. म्हातारपणी तप करून तो स्वर्गात जातो, नंदनवनात मजेत राहतो, आणि एक दिवस इंद्र त्याला विचारतो की तपात तुझ्या बरोबरीचा कोण? तो म्हणतो देव, माणसं, गंधर्व, ऋषी, कुणीच नाही. झालं. देवांचा दूत तीनदा मोठ्याने ओरडतो, ध्वंस! ध्वंस! ध्वंस! आणि ययाती खाली पडायला लागतो. वाटेत त्याचे नातू भेटतात, त्यांना तो स्वतः सांगतो, 'ततो भ्रष्टोऽहं नन्दनात् क्षीणपुण्यः', पुण्य संपलं आणि मी नंदनवनातून पडलो.

फरक बघा. एदेनमधून माणूस गेला तो एकदाच, सगळ्या मानवजातीच्या वतीने, आणि दार बंद. आपल्याकडे स्वर्ग म्हणजे साठवणीवर चाललेला मुक्काम. गीतेत नवव्या अध्यायात सरळ आहे, 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति', शिदोरी संपली की खाली उतरा. आणि नातू आपापलं पुण्य देऊ करतात आणि म्हातारा परत वर जातो! मला ही गोष्ट फार आवडते, आजोबांचा स्वर्ग नातवांनी परत मिळवून दिला.

---

रामटेकचा_पाऊस:

ययाती बरोबर आहे, पण त्यात बाग नुसती नावाला आहे, झाडं कुठे दिसतात? झाडांसकट हरवलेली बाग हवी असेल तर मेघदूत. मी नागपूरकर, आमच्याकडे रामगिरी म्हणजे रामटेकच मानतात, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला.

यक्षाला कुबेराने वर्षभरासाठी अलकानगरीतून बाहेर काढलंय. चूक काय तर 'स्वाधिकारात्प्रमत्तः', नेमून दिलेल्या कामात कसूर. कुठलं काम ते कालिदास सांगतच नाही. उत्तरमेघात, म्हणजे काव्याच्या दुसऱ्या भागात, तो ढगाला घराचा पत्ता सांगायला लागतो आणि घर सांगता सांगता बागच सांगत बसतो. पाचूच्या पायऱ्यांची विहीर, तिथले हंस तुला बघूनही मानस सरोवराकडे जाणार नाहीत म्हणतो, भोवती सोनकेळींचं कुंपण घातलेला खेळण्यापुरता डोंगर, माधवीचा मांडव, त्याच्याजवळ तांबडा अशोक आणि बकुळ, मोराला बसायला सोन्याची दांडी आणि त्याला बायको बांगड्या वाजवत टाळ्यांवर नाचवते ते. पण सगळ्यात आधी, दाराशी, काय सांगतो? 'हस्तप्राप्यस्तबकनमितो बालमन्दारवृक्षः'. हात पोचेल इतके खाली वाकलेले गुच्छ असलेलं लहानसं मंदाराचं झाड, जे बायकोने पोटच्या पोरासारखं वाढवलंय. मंदार म्हणजे स्वर्गातल्या पाच झाडांपैकी एक, आणि कालिदासाने ते हाताच्या उंचीवर आणून ठेवलं, कुणीतरी रोज पाणी घालून वाढवलेलं.

आणि ही बाग बुडालेली नाही. शापाला तारीख आहे, विष्णू शेषावरून उठला की संपला, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी. उरलेले चार महिने डोळे मिटून काढ असा निरोप आहे. मला वाटतं आपल्याकडे बाग हरवत नाही, माणूस लांब जातो.

---

मांडवीपार:

गोव्यातून लिहितोय. एदेनची गोष्ट 'त्यांची' आणि ययाती 'आपला' असं इथे चाललंय म्हणून थोडं बोलायचंय.

फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये इथेच राचोलला छापलं गेलं. मराठीत, ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम, एवा, मना केलेलं फळ, सगळं आहे. 'पॅरडाइज लॉस्ट' आलं 1667 मध्ये. म्हणजे मिल्टनच्या पन्नास वर्षं आधी इथल्या साष्टीतले लोक एदेनची गोष्ट मराठी ओवीत ऐकत होते, आणि स्वर्गाला त्यात शब्द कुठला तर वैकुंठ. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही ओवी शाळेत सगळ्यांनी पाठ केली, पण ती याच पुस्तकातली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तेव्हा ती बाग पण आपलीच.

दुसरं म्हणजे, एदेनमध्ये आदामाला काम होतं हो! लोकांना वाटतं आयतं बसून खायचं होतं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट आहे, देवाने त्याला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखण करायला. आणि हाकलून दिल्यावर जीवनाच्या झाडाच्या वाटेवर करुब नावाचे देवदूत आणि फिरती ज्वालेची तलवार ठेवली ती पण राखणीलाच, हिब्रूत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. काल जो राखण करत होता त्याच्यापासूनच आज राखण. आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या दैवताला, वर्षाचं द्यायचं असतं तसं दिल्याशिवाय सुपारी उतरवत नाहीत, त्यामुळे 'राखण' शब्द वाचला की मला हे सगळं अगदी घरातलं वाटतं.

---

दख्खनचा_वड:

तुमचा वाचनगट नवव्या सर्गापर्यंत पोचलाय का माहीत नाही, पोचलात की एका ठिकाणी थांबा. फळ खाल्ल्यावर दोघांना लाज वाटते आणि ते झाडाची पानं गुंडाळतात. बायबलात नुसतं अंजीर आहे. मिल्टन म्हणतो, फळासाठी प्रसिद्ध आहे ते अंजीर नव्हे, तर मलबारात आणि दख्खनमध्ये असतं ते, ज्याच्या फांद्या खाली वाकून जमिनीत मूळ धरतात आणि आईभोवती लेकी वाढतात. वड! लंडनमध्ये बसून, 1652 पासून पूर्ण आंधळा असलेला माणूस दुसऱ्यांकडून लिहून घेतोय आणि एदेनमध्ये आपला वड उभा करतोय. पानं मात्र ढालीएवढी सांगितलीत, ती चूक जेरार्डच्या वनस्पतींवरच्या जुन्या ग्रंथातून आली, वटपौर्णिमेला पान हातात घेतलेल्या कुणालाही कळेल.

पण मला सांगायचंय ते अकराव्या सर्गातलं. देवदूत मायकेल येऊन सांगतो की बाग सोडावी लागेल. आदाम गप्प उभा राहतो. ईव्ह आडोशाला असते, तिथून ती रडत बोलायला लागते, आणि बोलते कुणाशी तर फुलांशी. तुम्हाला पहिली कळी फुटल्यापासून मी वाढवलं, नावं दिली, सकाळी पहिली आणि संध्याकाळी शेवटची फेरी तुमच्याकडे असायची, आता तुम्हाला उन्हाकडे कोण वळवेल, ओळीने कोण लावेल, पाणी कोण घालेल?

ताई, तुमच्या आजी चार वाजता जे विचारतात ते हेच आहे.

---

माडावरून:

सगळं वाचतोय, छान चाललंय, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, राग मानू नका.

माझे आजोबा तुमच्याच बाजूच्या गावात दुसऱ्याच्या वाडीत गडी होते. माडावर चढायचे, शिपणं काढायचे, रहाट होता तेव्हापासून. त्यांच्या पायाच्या तळव्यांना माडाच्या खाचांचे घट्टे होते ते मी हात लावून बघितलेत. वाडी त्यांची कधीच नव्हती. 1948 चा कुळकायदा आला तरी आमच्या वाट्याला काही आलं नाही कारण ते कूळ नव्हते, मजूर होते. मग ज्याचं कधी नव्हतंच त्याचं हरवलं कसं म्हणायचं? आणि तरी ते म्हातारपणी मुंबईत काकाच्या खोलीत बसून कुठल्या माडाचा नारळ गोड, कुठल्याला पाणी कमी लागतं हे एकेक झाड धरून सांगायचे. मालकांच्या नातवंडांना तेवढं माहीत नसेल.

मांडवीपार यांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं, की आदाम बागेचा मालक नव्हता, राखणीला होता. यक्ष पण कुबेराचा नोकरच. हरवलेल्या बागेच्या या गोष्टी मालकांच्या नाहीतच बहुतेक, आजोबांसारख्यांच्या आहेत.

---

छावणी_रोड:

थोडक्यात बाबरबद्दल. एवढं राज्य जिंकलं आणि आग्र्यात आल्या आल्या यमुनेकाठी चारबाग घालायला घेतली, कारण काबूलच्या बागा डोळ्यापुढून हलत नव्हत्या. 1529 च्या पत्रात आपला सरदार ख्वाजा कलान याला लिहितो की खरबूज कापून खाल्लं आणि रडू आवरेना. मेल्यावर आधी आग्र्यात पुरलं, पुढे काबूलला त्याच्या बागेत नेलं. आमच्या इथे बीबी का मकबऱ्यात चारबाग बघताना गाइड नुसता ताजमहालाशी तुलना करत बसतात, पाण्याच्या पाटाने चार भाग का केलेत ते कुणी सांगत नाही. तुमच्या वाडीतला पाट आणि हा पाट एकमेकांचे नातलग आहेत.

---

पोफळीची_विरी:

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार.

माडावरून, राग कसला, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे पण एक दादा होते, आळी करायचे, बोंडं उतरवायचे. वाडी विकली त्या दिवशी मामांनी सगळ्यांना फोन केले, त्यांना केला का ते मला माहीत नाही, आणि मी विचारलं पण नाही. आज विचारलं. नव्हता केला. ते अजून त्याच वाडीत नव्या मालकाकडे जातात म्हणे.

काल चारला आजीने विचारलं तेव्हा तिला यक्षाची बाग वाचून दाखवली, जमेल तशी मराठी करून. मंदारापर्यंत आले तर म्हणाली, हा इथे ढगाशी बोलत बसलाय, मग तिकडे झाडाला पाणी कोण घालतंय? म्हटलं बायको आहे ना घरी. मग म्हणाली वाच पुढे. संध्याकाळी त्या दादांचा नंबर मिळवला, रविवारी आजीचं त्यांच्याशी बोलणं करून देणार आहे. तिला विहिरीजवळच्या जायफळाचं विचारायचंय, या वर्षी धरलंय की नाही ते.

मांडवीपार, क्रिस्तपुराण देवनागरीत कुठे मिळेल? आदाम-एवाचा भाग गटात वाचायला घ्यायचाय.

---

मांडवीपार:

देवनागरी प्रत मोठ्या ग्रंथालयात असते, 1907 ची मंगळूरची आवृत्ती मात्र रोमन लिपीत आहे. माझ्याकडे आहे त्यातली तेवढी पानं स्कॅन करून शनिवारपर्यंत टाकतो. जुनी मराठी आहे, पण मोठ्याने वाचा, कानाला लगेच कळते.